चौथं बोट

पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या कानामागे कायम पेन्सिल असते. कोणत्या स्वरावर कोणतं बोट पडायचं, याचे आकडे त्या आधी कागदावर लिहितात. अंगठा एक, करंगळी पाच. त्याशिवाय शिकणाऱ्याने पट्ट्यांना हात लावायचा नाही. पाठीमागे सगळे त्यांना पेन्सिलबाई म्हणतात.

वरच्या वर्गासाठी त्या छोट्या रशियन रचना देतात. जेमतेम दोन पानांच्या, दिसायला गरीब. इस्पितळात औषधं देणारी एक फार्मासिस्ट पियानोच्या परीक्षेत अशाच एका रचनेवर दोनदा नापास झाली होती. नियमाने संधी तीनच, आणि तिसरी शनिवारी होती.

मंगळवारी ती पुन्हा अकराव्या कप्प्यात, स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात, अडकली. डावा हात तिथे झपकन खाली उतरतो. बाईंच्या आकड्यांत तीननंतर थेट पाच होतं.

"मनगट वळतंय तुझं," बाई म्हणाल्या.

"वळणारच. चौथं बोट बसून राहतं आणि करंगळीची धावाधाव. चार का नाही लिहिलंत?"

"माझ्या सरांचे आकडे आहेत. ते असंच वाजवायचे."

आतल्या खोलीतून बाईंच्या नवऱ्याचा आवाज आला. "अगं, तुझ्या सरांचं ते बोट वाकायचं कुठे? आपल्या लग्नात हात मिळवला तेव्हाही ताठच होतं. मला वाटलं, रागावलेत."

बाईंनी तिला बाजूला सरकवलं आणि चौथं बोट घालून तो कप्पा वाजवला. सहज गेला. पुन्हा वाजवला. पुन्हा गेला. सत्तावीस वर्षं त्या सगळ्यांना तीननंतर पाच लिहून देत होत्या, आणि अडखळलं की वर ओरडत होत्या.

"मग पुसा ना ते," फार्मासिस्ट म्हणाली.

"चार दिवसांवर परीक्षा आहे. तीन वर्षं घोटलेलं हात चार दिवसांत सोडत नाही. आहे तसंच वाजव."

"चूक आहे हे कळल्यावर?"

"कळलं नसतं तर बरं झालं असतं. अहो, तुम्हाला आजच तोंड उघडायचं होतं?"

"सत्तावीस वर्षं कोणी विचारलंच नाही," आतून उत्तर आलं.

शनिवारी अकराव्या कप्प्यात फार्मासिस्टचं चौथं बोट आपणहून खाली आलं, करंगळीही आली, आणि हात थांबला. दोन गुणांनी तिसरी संधीही गेली.

मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला दारात उभी राहिली. बाईंना ती येईल असं वाटलं नव्हतं.

"आता कशाला? परीक्षा संपली तुझी."

"तो कप्पा डोक्यातून जात नाहीये. औषधं मोजतानाही बोटं अडखळतात. आज सोडवून द्या."

बाईंनी खोडरबर घेतला आणि जोर लावून पाच पुसलं. कागद तिथे फाटला. पेन्सिल पुढे झाली, मग त्यांनी ती पियानोवर ठेवून दिली.

"आता काय लिहिणार?"

"काही नाही. तू वाजव, मी बघते कुठलं बोट पोचतंय."

फार्मासिस्ट पहिल्या कप्प्यापासून सुरू झाली. अकराव्यात हात पुन्हा थांबला.