अळणी पाणी

शिंदखेडा तालुक्यात तोतारामच्या हाताची टाकी लागली नाही असा पाटा विरळाच. मिक्सर आले तरी गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीने टोचून घ्यायला जुन्या बाया त्याची वाट पाहत. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी यशोदाबाई नवऱ्याला नरडाण्याहून एस.टी.ने धुळ्याला नेते, मशीनवर रक्त धुवायला.

पहिल्याच दिवशी तोतारामने दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना एकच प्रश्न विचारला, डुकराचं मटण सोडावं लागेल का? त्यांच्यात लग्न असो की देवाचं काम, त्याच्याशिवाय पंगत उठत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सोडू नका, ताकद लागतेच. चार लहान तुकडे, चरबी नको, मीठ नको. भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. अंगात वाढलं तर हृदय बंद पडतं. केळी तर घरातच आणू नका."

यशोदाबाईने मान हलवली आणि सगळं पाळलं. मिठाचा डबा शेजारी ठेवायला दिला. सावद्याच्या बहिणीने केळ्यांची फणी पाठवली, तर आल्या पावली परत धाडली. फक्त ते पाणी काही तिला फेकवेना. बाळंतपणात तिच्या आईने तिला मटणाच्या अळणी पाण्यावरच उभं केलं होतं. सगळा जीव त्या पाण्यात, आणि शिकलेली बाई म्हणते मोरीत ओता! मीठ नाही म्हणजे पथ्य मोडत नाही, असा तिने हिशेब बांधला. डॉक्टरांनी त्याला दिवसाला जे मोजून पाणी ठरवून दिलं होतं, त्यातलाच एक पेला ती या मटणाच्या पाण्याचा देऊ लागली. तोताराम डोळे मिटून प्यायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

मग त्याचे पाय जड झाले. तिने पेल्याचे दोन केले. हात गळू लागले, तसं मटण एक दिवसाआड शिजायला लागलं. तो जितका खचत होता तितकी ती चूल जास्त पेटवत होती. बाई वेडी नव्हती, घाबरली होती.

या शनिवारी त्याला बसमधून दोघांनी उतरवलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून मॅडम खाटेजवळ धावतच आल्या. "चोरून केळी खाता का?"

"केयं घरमा येऊ देल नही मी," यशोदाबाई ताठ मानेने म्हणाली आणि पिशवीतून थर्मास काढला. "हाई देस त्यास्ले. अळनी पानी शे. मीठना खडा बी नही."

मॅडमनी झाकण उघडून वास घेतला. त्या रागावल्या नाहीत. "रोज?" एवढंच विचारलं, आणि डॉक्टरांना बोलवायला पळाल्या.

यशोदाबाईला तेवढ्यात कळलं. ती उठली, बेसिनपाशी गेली आणि थर्मास उपडा करू लागली.

"सांडू नको व," खाटेवरून तोताराम म्हणाला. "तेन्यावरच ऊभा शे मी."

त्याने पेल्यासाठी हात पुढे केला. टाकी धरून घट्टे पडलेली ती बोटं आता मिटत नव्हती.