धाब्यावरचं ऊन

माझी पहिली मुलगी तीन आठवड्यांची झाली तरी झोपत नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची आणि किंचाळायची. दिवस पौषाचे. अमळनेरला माहेरी माझी बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारकोठडीच होती: खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, सव्वा महिना बाहेर पाऊल टाकायचं नाही. धुळ्याला सासरीही सातव्या महिन्यापासून नजर लागेल म्हणून मला गल्लीत उतरू दिलं नव्हतं.

डॉक्टर घरी आले ते गोणपाट बघूनच भडकले. म्हणाले, "पोटात होती तेव्हा तुम्हाला ऊन नाही, आता हिला नाही. ड जीवनसत्त्व मिळणार कुठून? हाडं कच्ची राहतात, मूल किरकिरं होतं. झोपेचंही कदाचित त्यामुळेच असेल. कोवळं ऊन द्या आणि हे थेंब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन सरळ धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, गेले. आई जिन्यात आडवी आली. "वारं लागी जाई तिले!" मी तिला बाजूला सारलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच तिखट होता.

आणि काय सांगू, त्याच दिवशी पोर दोन तास झोपली! पुढचे तीन दिवस तेच. मी शेजारणींना बोलावून दाखवलं. आईलाही चार शब्द सुनावले. ती भाकऱ्या थापत राहिली.

पाचव्या दिवशी मुलगी दहाला झोपली. एक वाजला, दोन वाजले. दुधाने छाती दाटून आली म्हणून तिला उचललं, तर मान लुळी पडली. तळव्याला चिमटा काढला, गालावर पाणी मारलं. डोळे उघडेनात. श्वास चालू होता, पण किती हळू! मी ओरडले तशी आई चुलीपुढून धावत आली आणि माझे पायच धरले.

"बाळागोळी दिन्ही मी. आज जराशी जास्त व्हयनी. तू बारा दिन झोपनी नही, माले देखायनं नही."

बाळागोळी म्हणजे अफू. मुलीला पदरात गुंडाळून मी अनवाणी रिक्षात बसले; आईही मागोमाग चढली.

दवाखान्यात डॉक्टर तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते. मी भिंतीला टेकून नवस बोलत होते. देवाचं नावही नीट आठवेना. चारच्या सुमाराला ती रडली. बारीकच, पण रडली.

"किती दिवस देत होता?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

"चार दिन. आजना पाचवा," आई म्हणाली.

डॉक्टर तिला नाही नाही ते बोलले. मीही बोलले, आणि पुढे कित्येक महिने बोलत राहिले. एक गोष्ट मात्र मी तिला कधीच सांगितली नाही. धाब्यावर नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीच्या ओठांना कडवट वास आला होता. मी विचारलं नाही. कूस बदलली आणि झोपले.