गुन्हा माझा, लायसन्स त्यांचं

आमच्या घरात दोन लायसन्सं आहेत. एक माझं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दोनदा नापास होऊन मिळवलेलं. दुसरं माझ्या नवऱ्याचं, तरुणपणी एजंटाने घरपोच आणून दिलेलं. माझं लायसन्स दहा वर्षं रोज शाळेत जाऊन येतंय. त्यांचं पाकिटात मुलीच्या फोटोमागे आराम करतं. आयुष्यात त्यांनी सायकलपुढे मजल मारली नाही, पण लायसन्सची मुदत मात्र एकदाही चुकू दिली नाही. का काढलं होतं, असं विचारलं की म्हणायचे, कारखान्यात सगळ्यांनी काढलं, म्हणून काढलं.

साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढायची, आकडा यायचा, हे लिहायचे. गाडी पुढाऱ्याची असो की गरिबाची, काटा दाखवेल तेच लिहिलं, याचा त्यांना अजून अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नाही, तेव्हा ते माझ्या गाडीत शेजारी बसून माझी नोंद घ्यायला लागले. पुढे खड्डा आहे. हॉर्न दे. गिअर बदल, तिसऱ्यात घे. स्वतः कधी पाण्यात न उतरता काठावरून पोहायला शिकवणारी माणसं असतात, त्यातले हे. मीही काही ऐकून घेणारी नाही. छत्तीस वर्षं पोरांना गप्प बसवायची नोकरी केली की घरातही तोच आवाज लागतो.

ही गाडी म्हणजे माझी चैन नव्हे. माझी दोनशिक्षकी शाळा आमच्या तिसगावपासून पंधरा किलोमीटर आत आहे. तिकडे एसटी दिवसातून एकदाच जाते आणि पोचते तेव्हा प्रार्थना, हजेरी, पहिला तास सगळं उरकलेलं असतं. नोकरीची दोन वर्षं राहिलेली. गाडी गेली तर ती दोन वर्षं लोकांच्या मागे बसून काढायची. आणि खरं सांगायचं तर पंचक्रोशीत ‘गाडीवाल्या बाई’ म्हणून माझी जी ओळख होती, ती मला ‘आदर्श शिक्षिका’पेक्षा जास्त आवडायची.

त्या रविवारी नगरहून चर्चची उपासना आटोपून परत येत होतो. करंजी घाटात हे म्हणाले, “तिसऱ्यात घे.” गाडी तिसऱ्यातच होती. दहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी मान पूर्ण वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि दहा वर्षांचं साठलेलं बोलून टाकलं. बोलणं लांबलं. घाट संपून सरळ रस्ता लागला तरी माझं चालूच होतं. शेवटी मी म्हणाले, “आता घरी जाईपर्यंत एक शब्दही बोलू नका.” ते गप्प बसले. आणि धडक बसली.

मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लावून एक दूधवाला शेताच्या वाटेला वळत होता. त्याच्या मागच्या चाकाला माझी गाडी लागली. तो पडला, मोटरसायकल त्याच्या पायावर पडली, दूध रस्त्यावर पसरलं. माझं तोंड अजून चालूच होतं. एक टेम्पो थांबवला, त्याला आत घातलं आणि तिसगावच्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. पाय मोडला होता. हे तिथेच आमच्या गाडीपाशी उभे राहिले.

तासाभराने पोलीस हवालदार आले. गाडी कुणाची, त्यांनी विचारलं. आमची, हे म्हणाले. लायसन्स? यांनी पाकिटातून, मुलीच्या फोटोमागून, काढून दिलं. झालं. गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्नच निघाला नाही. गाडीजवळ पुरुष आहे, त्याच्याकडे लायसन्स आहे, बाई दवाखान्यात गेलेली आहे, म्हणजे बाई शेजारी बसलेली असणार. हवालदारांनी निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा यांच्या नावावर लिहिला, आणि काट्यावर तीस वर्षं खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने खाली सही केली.

संध्याकाळी कागद पाहून मी आधी भडकले. दहा वर्षं गाडी चालवली, तर एक धडकसुद्धा माझ्या नावावर लागू नये? मग हळूहळू राग उतरला, कारण शेजारपाजारच्यांनी मला हिशेब समजावून दिला. लायसन्स जाणार तर सरांचं जाणार, आणि सर कुठे गाडी चालवतात? (बाईंचा नवरा म्हणून गाव यांना सरच म्हणतं.) देवानेच सोय केली म्हणायची. एकीने शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहा असंही सुचवलं. आम्ही ख्रिस्ती आहोत, मी म्हणाले. ती म्हणाली, साडेसाती काय धर्म इचारून येती व्हय.

मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, खोट्याला फक्त बसायला खुर्ची दिली. कोणी विचारलं की सांगायची, दूधवाला एकदम आडवा आला हो. इतक्या वेळा सांगितलं की तो आडवा येताना मला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

दूधवाल्याला भेटायला दोनदा गेले. औषधपाण्याचं आम्ही पाहत होतो, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर पडून होता. दुसऱ्या खेपेला त्याने बायकोला चहा ठेवायला आत पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, गाडीत म्या तुमालाच बगितलं हुतं. पर पोलिसानं इचारलंच न्हाई, मंग म्या तरी कशाला सांगू.” चहा पिऊन मी त्याचे आभार मानून आले. ज्याचा पाय मोडला, त्याचे आभार.

मग यांच्या नावाने नोटीस आली. तुमचं लायसन्स तीन महिने निलंबित का करू नये, याची कारणं समक्ष हजर राहून सांगा. ठरलेल्या दिवशी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस चापून बसवले, आणि निष्काळजी चालक म्हणून सुनावणीला निघाले. त्यांना तिथवर गाडी चालवत मीच नेलं.

आरटीओ ऑफिसातले साहेब माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. यांना समोर बसवलं, मला मागच्या बाकावर. कसं घडलं ते सांगा, म्हणाले. मला वाटलं, हे दोन शब्दांत आटपतील, दूधवाला आडवा आला म्हणतील. आपलं पाठ झालेलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तयारच बसले होते.

“चूक माझी होती, साहेब,” हे म्हणाले. “माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. मान वळवून शेजारच्या माणसाशी भांडत होतो. दूधवाल्याने वळायच्या आधी हात दाखवला होता. दोनदा दाखवला होता.”

उसाचं वजन सांगावं तसं सांगितलं. एका माणसाची अदलाबदल सोडली तर बाकी सगळा आकडा बरोबर होता. मी मात्र बाकावर बसून गार पडले. तो हात मी पाहिलाच नव्हता. आणि मी पाहिला नाही म्हणजे तो नव्हताच, असं महिनाभर गावाला सांगत फिरत होते.

मी उठले आणि म्हणाले, “साहेब, गाडी मी चालवत होते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, जणू एवढी वर्षं लोकांना दंड करून थकलेल्या माणसाला जगात अजून चांगुलपणा शिल्लक असल्याचा पुरावा मिळाला. मॅडम, तुमच्या भावना समजतात, ते म्हणाले. साहेबांच्या आईनेही म्हणे वडिलांसाठी असंच केलं असतं. पण कागदावर चालक म्हणून सही यांची आहे, आणि कायदा भावनेवर चालत नाही. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगत गेले, तितकी माझी पतिभक्ती वाढत गेली. शेवटी त्यांनी शिपायाकरवी मला पाणी दिलं. यांचं लायसन्स तीन महिने जमा करून घेतलं, आणि निघताना मला म्हणाले, यांना जरा सांगत जा मॅडम, गाडी सावकाश चालवायला.

बाहेर आवारात गाडीपाशी आल्यावर मी यांना विचारलं, हात दिसला होता तर बोलला का नाहीत? खड्डा दिसला की बोलता, गतिरोधक दिसला की बोलता, गाडी तिसऱ्यात असली तरी बोलता.

“तू म्हणाली होतीस, एक शब्दही बोलू नका,” ते म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला भांडता आलं असतं. मला फार लाज वाटली, आणि ती लाज लपवायला शाळेतला आवाज काही उपयोगी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, बाई, झालं ते झालं, आता कागद उकरून काढले तर सरांनी खोटी सही केली असं व्हईल, त्यांना आणखी तरास. म्हणजे मी खरी ठरायचं तर हे खोटे ठरायला हवेत. मी घरी आले आणि गाडीची किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तीन महिने.

हे रोज सकाळी म्हणायचे, अगं, लायसन्स माझं गेलंय, तुझं नाही. मी म्हणायचे, कुणाचं गेलंय ते मला माहीत आहे. मुख्य रस्त्याने फाट्यापर्यंत जीपने जायची, आणि तिथून आमचे मुख्याध्यापक मला मोटरसायकलवर मागे बसवून शाळेत न्यायचे. ते वळताना हात दाखवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी मागून दाखवायला लागले.

गावाला वाटलं होतं, सरांचं लायसन्स गेलं, बाईंचं काही अडणार नाही. पण बाईही गाडी काढेनात, तेव्हा गावाने त्याचा अर्थ लावला. आठवड्याभरात तो माझ्या कानावर आला. बाई इतकी वर्षं सरांच्याच लायसन्सवर गाडी चालवत होत्या म्हणे. ते गेलं, आता कशावर चालवतील? माझं लायसन्स पर्समध्ये होतं. मी काढून कुणालाही दाखवलं नाही. पूर्वीची मी असते तर झेरॉक्स काढून वाटल्या असत्या.

तीन महिने भरले तसे हे एसटीने जाऊन स्वतःचं लायसन्स घेऊन आले आणि पुन्हा मुलीच्या फोटोमागे ठेवलं. त्या रविवारी मी किल्ली खिळ्यावरून काढली. चर्चला गेलो. परत येताना घाट लागला. हे शेजारी हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खड्डा आला, तो गेला. धडकेच्या दिवसापासून गाडी चालवण्याबाबत त्यांनी काही म्हणजे काही सुचवलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी घातलेली बंदी अजून उठलेली नव्हती, आणि ती उठवणारं दुसरं कुठलं ऑफिस नव्हतं.

“बोला की,” मी म्हणाले. नजर रस्त्यावरच होती.

ते घसा साफ करून म्हणाले, “तिसऱ्यात घे.”

गाडी तिसऱ्यातच होती.

“घेतली,” मी म्हणाले.