ओसरीवर बसायला आलेली

कोपरगावच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की आम्ही कायद्याचे विद्यार्थी ओसरीवर बसून परमुलखातल्या मजुरांना सल्ला द्यायचो. एकदा बंगालमधून आलेल्या गवंड्याची बायको आली. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी तिच्या नवऱ्याला नेलं होतं. सांगताना ती डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत होती.

"आधी च्या घे बाई, मग रड," पाळकांच्या पत्नी म्हणाल्या.

आमचे वकील सर तिच्याबरोबर ठाण्यात गेले. संध्याकाळी नवरा सुटला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा दिसली. मी घाबरूनच विचारलं, "आता काय झालं?"

"काय नाय," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "थोडा वेळ बसते. बाहेर सगळे विचारतात, तू कुठली. इथे कोण विचारत नाय."

मी बाकावर सरकून तिला जागा दिली.