आप्पाच्या शोकेसमधली प्लेट

माझा थोरला भाऊ आप्पा याला देवाने हापूसची बाग दिली, सोशिक बायको दिली आणि ऋजुतासारखी गुणी मुलगी दिली. आप्पाने या तिन्हींचा उपयोग पाहुण्यांना दाखवण्यासाठी केला. घरात मिक्सर आला तेव्हा महिनाभर येईल त्याला ओल्या खोबऱ्याची चटणी खावी लागली. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा हा पठ्ठ्या पहिल्याच आठवड्यात मडगावला जाऊन आला. तिथे काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय करायचंय? परत आलो."

ऋजुताचे पुढचे दात एकावर एक चढलेले होते. आठवीत गेल्यावर पोर हट्टाला पेटली, तारा लावायच्याच. आप्पा लगेच कबूल झाला आणि थेट कोल्हापूरचे डॉक्टर गाठले. रत्नागिरीत डॉक्टर नव्हते अशातला भाग नाही. पण गावातल्या डॉक्टरकडे जाऊन गावाला सांगण्यासारखं काय उरतं? पहिल्या खेपेला तो स्वतः गेला. पुढच्या महिन्यामहिन्याच्या खेपांत सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि लीलावहिनीला आंबा घाट लागतो, म्हणून त्या खेपा माझ्या वाट्याला आल्या. मी शाळेत शिकवते, मला रविवारी दुसरं काम काय असणार!

दोन वर्षांनी तारा निघाल्या. काय सुरेख दात दिसत होते पोरीचे! मग डॉक्टरांनी टाळूला चिकटून बसणारी एक गुलाबी प्लेट दिली, पुढून बारीक तार असलेली. त्यांनी मला आणि ऋजुताला समोर बसवून बजावलं. ही रात्रंदिवस तोंडात हवी. फक्त जेवताना काढायची, गार पाण्याखाली मऊ ब्रशने घासायची, गरम पाणी लावायचं नाही, आणि तोंडात नसेल तेव्हा डबीत. दात अजून कच्चे आहेत, मोकळे सोडले तर जुन्या जागी जातील.

ऋजुताने हे सगळं मनापासून पाळलं. पहिले चार दिवस ती बोबडं बोलली, शाळेतल्या मुलींनी चिडवलं, तरी काढली नाही. ती काढायला लावली आप्पाने.

"ऋजू, काढ गो जरा. काकांना दाखव."

बिचारी मोरीवर जाऊन प्लेट काढायची, धुवायची, आणून द्यायची. आप्पा ती तळहातावर घेऊन पाहुण्यांत फिरवायचा. कोणी उजेडाकडे धरून बघे, कोणी तार दाबून बघे. एक आजोबा तर ती आपल्या तोंडात बसते का हे बघायच्या बेतात होते. वहिनी पन्ह्याचे पेले घेऊन मध्ये शिरली म्हणून निभावलं. नंतर ऋजुताला "हास बघू" असा हुकूम व्हायचा. ती हसायची. पाहुणे तिच्या दातांकडे बघायचे आणि आप्पाची तारीफ करायचे.

पुढे आप्पाला दर वेळी काढायला सांगण्याचाही कंटाळा आला. त्याने प्लेटची डबी बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवली, कृषी प्रदर्शनातल्या ढालीशेजारी. मी कडाडून भांडले. त्यावर त्याने मला बागायतीचं शास्त्र शिकवलं.

"कलम बांधलं की वर पट्टी गुंडाळतात. सांधा जुळला की पट्टी सोडायची. नाही सोडली तर खोडात रुतते. दात जुळले, आता कशास हवी ती?"

"आप्पा, ते दात आहेत, कलमं नव्हेत."

"तू शाळेत शिकव," तो म्हणाला. "मला वाढीचं कळतं."

त्याला खरंच कळतं, पण आंब्याच्या. आंब्याचं कळलं की जगातल्या सगळ्याचं कळतं अशी आमच्याकडच्या बागायतदारांची ठाम समजूत असते. वहिनी पेले विसळायला आत गेली. त्या घरात आप्पापुढे बोलायची पद्धतच नव्हती. ऋजुता काही दिवस रात्री गुपचूप डबी उचलून न्यायची. मग मे महिना आला, मुंबईचे नातेवाईक उतरले, बाहेरच्या खोलीत रात्री अंथरुणं पडली आणि तेही थांबलं.

जूनमध्ये पाहुणे गेल्यावर तिने प्लेट लावली. ती बसेना. जोर करून बसवली तर तार हिरडीत रुतली. ती तशीच धावत माझ्याकडे आली, आरशासमोर उभी राहिली आणि तिने मला दाखवलं. पुढचा एक दात तिरका वळला होता. पोर हमसून हमसून रडली. कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस होते, आणि तिने सगळा सोस त्याच दिवसासाठी केला होता. मला आप्पाचा असा संताप आला की त्याची ती ढाल उचलून त्याच्याच डोक्यात घालावी.

या खेपेला मी आप्पालाही गाडीत घातलं. कोल्हापूर येईपर्यंत तो डॉक्टरच्या कामातले दोष सांगत होता. डॉक्टरांनी प्लेट का सोडली म्हणून विचारलं, तर आप्पाने त्यांनाही कलमाचं शास्त्र ऐकवलं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दात जागेवर आणायला आता प्लेट चालणार नाही. पुन्हा तारा. वर्षभर." आणि त्याच दिवशी लावल्याही.

दुसऱ्याच दिवशी गुहागरचे एक सुपारीवाले आप्पाकडे आले. मीही तिथेच होते. कोल्हापूरहून परतताना पडलेला आमच्या आप्पाचा चेहरा एका रात्रीत खुलला होता.

"मीच म्हटलं डॉक्टरांना," तो सांगत होता, "काम पक्कं व्हायला हवं. लावा म्हटलं पुन्हा. ऋजू, इकडे ये गो! हास जरा, नव्या तारा बघू देत यांना."

ऋजुता दारात आली. गाल सुजलेला होता. "नको आप्पा," ती म्हणाली, "दुखतंय."

"दुखतंय?" आप्पा चमकला. "पहिल्या वेळी नव्हतं दुखलं ते?"

"दर महिन्याला दुखायचं. तारा आवळल्या की चार-चार दिवस."

हे मला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. कोल्हापूरच्या खेपेनंतर त्या घरात न सांगता मऊभात शिजायचा. आप्पाही त्याच पंगतीला बसून जेवायचा.

"मग मला कधी बोलली नाहीस ती?" त्याने विचारलं.

"तुम्ही पाहुण्यांशी बोलत असायचात," ऋजुता म्हणाली आणि आत गेली.

सुपारीवाले कपात बघत बसले. आप्पाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला मुलीच्या दातांविषयी सांगण्यासारखं काही सापडलं नाही.