गाडीत घर भरून भिलाईला

त्या दिवशी सकाळी मी बैलांना पाणी पाजले, हात जोडले आणि गाडीत मालाच्या जागी घर भरले. जाते, पाण्याचे पितळी गुंड, गोधड्या, दोन पोती धान.

आमचे गाव सालेकशाकडचे. राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा गाव मुंबई राज्यात गेले आणि आमचा डोंगरगडचा बाजार मध्य प्रदेशात राहिला. इकडे एक कर, तिकडे दुसरा. व्यापाऱ्यांनी माल पाठवणे सोडले आणि माझी भाड्याची गाडी अंगणात उभी राहू लागली. मेहुणा तुकाराम भिलाईला पोलादाच्या कारखान्यावर लागला होता. तो म्हणाला, "भाऊजी, इकडे या."

गाडीत सगळे होते, देव नव्हते. आमच्यात कमवायला जाणारा देव घरीच ठेवतो. देव उचलले की गाव सुटले.

"बैलाइले काम भेटते का पाहू," बायको म्हणाली. "नाही भेटलं तं मांगं फिरू. देवाइले कावून हिंडवता?"

देव जागीच ठेवून मी जू बांधले. माझे वय पन्नाशीला आलेले. या वयात परत फिरणे सोपे नसते.

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर शिपायाने बांबू आडवा केला.

"काय भरलं हाये?"

"घर."

त्याने गोधड्या दाबून पाहिल्या. "घरसामानावर कर नाही. जा."

"पाहा बाप्पा!" बायको म्हणाली. "मिरचीच्या एका पोत्याले अडवत होता, अन् अख्खं घर निंगालं तं जा म्हणून राहिला!"

मागचे गाडीवान खो खो हसले. शिपाईही हसला. त्या नाक्यावरून कंबरेची पैशांची पिशवी न सोडता मी पहिल्यांदाच पुढे गेलो.

येणाऱ्यांसाठी सांगतो. पहिला टप्पा जंगलातला, दगडांचा. आसाला वंगण नीट घाला. डोंगरगडला तलावावर बैल सोडा, डोंगरावरच्या देवीला खालूनच नमस्कार केला तरी पोचतो. राजनांदगावपुढे रस्ता चांगला, पण ट्रक फार. बैलांसाठी तणस घरून घ्या; दुर्गला पेंढीला दोन आणे मागतात. शिवनाथ नदीच्या अलीकडे एका म्हातारीने आम्हाला बासी, म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात, आणि कांदा दिला. पैसे पुढे केले तर रागावली. "खा लव, दुरिहा जाना हे."

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिलाई आली. कारखान्याच्या बाजूचे आभाळ भट्टीने लाल होते. दुसऱ्या सकाळी तुकाराम मला कामगारांचे क्वार्टर बांधत होते तिथे घेऊन गेला. ठेकेदाराचा मुन्शी माझ्या बैलांकडे पाहून म्हणाला, "ट्रक के ज़माने में बैलगाड़ी? जाओ, बाबा."

पण ट्रक विटा रस्त्यावरच ओतत होते. क्वार्टरच्या दोन ओळींमधला बोळ अरुंद, तिथे विटा बायका डोक्यावरून नेत होत्या.

"मी नेतो आत," मी म्हणालो.

"अंदर गई तो निकलेगी कैसे? मुड़ेगी नहीं."

"मांगं येईन."

विटा भरल्या, आत नेल्या, उतरवल्या. मग बैलांसमोर उभा राहिलो, कपाळांवर हात ठेवले. "हो मांगं, राजा." बैल पाऊल पाऊल मागे सरू लागले. नाक्यावरच्या गाड्यांच्या गर्दीत ते दर बाजाराला हेच शिकले होते. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या.

"भाऊजी!" तुकाराम ओरडला. "तुमचे बैल तं रिवर्स मारून राहिले!"

मुन्शीने डोक्यावरची टोपी मागे सारली. "कल से आ जाओ. और कोई गाड़ीवाला हो तो उसे भी बुला लो."

भिलाईलगतच्या कोहक्यात आम्ही एक मातीची खोली घेतली. बायकोने चूल मांडली, पहिली भाकर बैलांना दिली आणि मला म्हणाली, "आता जा. देवाइले घेऊन या."

मी पॅसेंजरने गावी गेलो. घर चुलतभावाच्या हवाली केले. उंबऱ्यावर डोके टेकले, तेव्हा डोळे भरले, हे खरे. गावात माझी आळी राहिली आणि दोन राज्यांच्या मध्ये सापडलेले माझे सोबती गाडीवान राहिले. त्यांना म्हणालो, इथे कुढत बसू नका, या.

परत आलो, पूर्वेच्या भिंतीत कोनाडा कोरला आणि देव बसवले.