सून अफसर व्हायला गेली

माझं शिलाईचं दुकान धारच्या बाजारात आहे. शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे कोट, चौकीदारांच्या खाकी पँटी हेच आयुष्यभर शिवत आलो. मुलगा मात्र कात्रीला हात लावायला तयार नव्हता. तो फौजेत शिपाई झाला. अडीच वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली आणि तो गेला. नात तेव्हा दीड वर्षाची होती.

सून देवासची. शिकलेली, लग्नाआधी तिथल्या एका शाळेत शिकवायची. फौजेत वारलेल्यांच्या बायकांना अफसर होता येतं, हे तिला नवऱ्याच्या पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं. वर्षश्राद्ध झालं आणि तिनं अर्ज भरला. पहिल्या मुलाखतीतून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला घेतलं. ट्रेनिंग दक्षिणेत, जवळजवळ वर्षभराचं.

व्याही देवासहून तडक आले. चपला न काढताच दारात उभे राहिले.

"आमची पोर अजून तिशीची नाही. आम्ही तिचं दुसरं लग्न करून देऊ. जिथं तुमचा मुलगा गेला तिथंच तिला पाठवताय?"

"मी नाही पाठवत. ती जातेय," मी म्हणालो.

हे अर्धंच खरं होतं. सहा महिने रोज सकाळी तिला स्कूटरवर मागे बसवून मीच मैदानावर नेत होतो. ती धावायची आणि मी घड्याळ धरून उभा राहायचो. बाजारातला एक जण हसत म्हणायचा, "भिया, बहू को कहाँ दौड़ा रहे हो?" ती धावत असली की निदान रडत नसे, एवढंच मला कळत होतं.

सोबत न्यायच्या कपड्यांची यादी आली. पांढरे शर्ट, पांढऱ्या पँटी, सगळं मीच शिवायचं ठरवलं. सुनेचं माप मी कसं घेणार? बायकोनं आतल्या खोलीत टेप लावून आकडे सांगितले, मी बाहेर बसून लिहून घेतले. प्रत्येक कपड्याच्या आत तिच्या आडनावाची पट्टी शिवली. ते आडनाव आमचं. शिवताना ते मुलाचंच वाटत राहिलं.

ती गेली आणि तीन आठवडे काहीच कळलं नाही. फोन तिथं जमा करून घेतात, हे तिनं आधीच सांगितलं होतं. तरी बायको दिवसभर फोन पदराखाली घेऊन फिरायची. नात एकच विचारायची, "मम्मी कब आएगी?" घरात आम्ही मराठी बोलतो, पण गल्लीत खेळून ती हिंदीच जास्त बोलते. सुरुवातीला आम्ही "लवकर" म्हणायचो. मग तिनं विचारणंच सोडलं.

पहिला फोन रविवारी आला. पाच मिनिटांचा.

"बाबा, केस कापले माझे," ती म्हणाली. "आणि पँट कंबरेत दोन बोटं सैल झालीये. तुमचं माप चुकलं."

माप चुकलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नातीला बोलावलं तर ती घरातल्या शिलाई मशीनखाली जाऊन बसली. बायकोनं ओढलं तशी पायडल धरून किंचाळली. ते किंचाळणं फोनवर नक्कीच ऐकू गेलं असणार.

सुनेबरोबरच्या मुली बावीस-तेवीसच्या. त्या धावायच्या, ही मागे पडायची, आणि मागे पडलेल्याला पुन्हा धावावं लागायचं. पुढचे दोन-तीन रविवार ती हे हसून सांगायची. मग एका रविवारी तिनं हसणं सोडलं.

"बाबा, माझ्याच्यानं होत नाही. पाय दुखतात, पायरी उतरवत नाही. मला घ्यायला या. तुम्ही एकदा ये म्हणा, मी आजच सोडते म्हणून लिहून देते."

मी दुकानातच होतो. मशीनवर कापड तसंच होतं.

हेच मी एकदा आधी ऐकलं होतं. मुलगा भरती झाला तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात कुणाच्या तरी फोनवरून त्यानं फोन केला होता, "बाबा, मला घेऊन जा." मी म्हणालो होतो, "सगळ्यांनाच होतं. महिनाभर दात आवळून काढ, मग काही वाटणार नाही." त्यानं दात आवळले. पुढं त्याला खरंच काही वाटेनासं झालं. तो तिथंच रमला.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. पण राहा की ये, ते मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय."

मी कशाबद्दल बोलतोय ते तिला कळलं असावं. नवऱ्यानं तो फोन तिलाही कधीतरी सांगितला असेल.

"मग मी कुणाला विचारू?" ती हळूच म्हणाली. तेवढ्यात वेळ संपला.

बायकोनं माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं. "ये म्हणायला तुमचं काय जात होतं?" एवढंच एकदा म्हणाली. तिचं बरोबर असेल. मला मोकळं राहायचं होतं, म्हणून सगळं ओझं मी त्या पोरीवर टाकलं, असं मला आजही वाटतं.

पुढच्या रविवारी ती फक्त म्हणाली, "राहतेय."

आणखी दोन आठवड्यांनी ती मैदानावर पडली. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. दुखणं तिनं लपवलं होतं, कारण सांगितलं असतं तर तुकडी तिला सोडून पुढं गेली असती. तशीही तुकडी गेलीच. सहा महिने मागच्या तुकडीत टाकून तिला आजारपणाच्या रजेवर घरी पाठवलं.

गाडी देवासला थांबते, म्हणून ती आधी माहेरी उतरली. मी आणि बायको नातीला घेऊन गेलो. ओसरीवर खुर्चीत ती बसली होती, काळवंडलेली, केस मानेपर्यंत, शेजारी कुबडी. नात आजीच्या पातळामागं लपली.

"ये कौन है?"

सून हसली. मग तोंड धुऊन येते म्हणून कुबडी घेऊन आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

व्याह्यांनी संध्याकाळी विषय काढला. या वेळी आवाज चढवला नाही. "बस झालं, बेटा. आता नको जाऊस."

"पप्पा, इथं राहून काय करू? धारला काय, देवासला काय, मला बघून सगळे हळू आवाजात बोलतात. तिथं कुणी हळू बोलत नाही."



पाय बरा झाल्यावर ती परत गेली. जाताना नात तिच्या अंगाखांद्यावर खेळायला लागली होती, म्हणून ते जाणं पहिल्यापेक्षा वाईट झालं. त्यानंतर महिनाभर नात फोनवर बोलली नाही. या काळात बायकोनं तिला घरी आलेल्या पाहुण्यांशी कसं बोलायचं ते शिकवलं.

गेल्या रविवारी नातीनं आपणहून फोन मागितला. दोन्ही हातांनी नीट कानाला धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "नमस्कार. तुम्ही कशा आहात?"

आईला ती नेहमी 'तू' म्हणायची.

स्पीकर चालू होता. पलीकडे सुनेच्या मागं कुणाच्या तरी बुटांचे आणि कवायतीच्या हुकमांचे आवाज येत होते.

"मी बरी आहे," सून म्हणाली. "तुम्ही कशा आहात?"